कुठल्या गाडीला बसवणार?

पद्मिनी गाडीची पुढची जाळी आहे का, असा फोन आला की मी किंमत सांगत नाही. आधी विचारते, कुठल्या गाडीला बसवणार? समोरचा माणूस मॉडेल, साल, गाडी कुठं उभी आहे, पत्रा कुठं कुठं गेलाय हे सगळं भडाभडा बोलायला लागला की समजायचं, हा आपल्यातला, जुन्या फियाट चालत्या ठेवणाऱ्यांतला. "बसवायची नाही ओ मॅडम, कॅफेत भिंतीला लावायचीय" असं उत्तर आलं की माझ्याकडे जाळी नसते. मांडणीवर डोळ्यांसमोर दिसत असली तरी नसते.

मॅडम फार भाव खातात, असं माझ्या पाठीमागे बोलतात. खाते. का खाते ते इथं एकदाच लिहून टाकते.

माझी गाडी १९७० ची फियाट ११०० डी. वडिलांची नव्हे, सासऱ्यांचीही नव्हे. बाईकडे जुनी गाडी दिसली की लोकांना तिच्यामागे एखादा दिवंगत पुरुष हवाच असतो, म्हणून सांगते: पॉलिटेक्निकात शिकवायला लागल्यावर स्वतःच्या पगारातून घेतली. शिकले सांगलीच्या वालचंद कॉलेजात. ज्या वालचंद हिराचंदांचं नाव त्या कॉलेजाला आहे, त्यांनीच १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. तेव्हा हे माझं एका अर्थी माहेरच्याच माणसांचं काम.

ही गाडी मूळची इटलीची. तिकडे ११०० बनायची १९६९ मध्ये थांबली. आपल्याकडे तीच कुर्ल्याच्या कारखान्यात नावं बदलत बनत राहिली: सुरुवातीची ती गोल पाठीची डुक्कर फियाट, मग एलिगंट, सिलेक्ट, डिलाइट, मधेच १९७२ च्या सुमारास प्रेसिडेंट, १९७४ पासून पद्मिनी. वरचे कपडे बदलले, आतलं १०८९ सीसीचं इंजिन आणि सांगाडा बराचसा तोच. म्हणून तर पद्मिनीचे पार्ट काढून आमच्या आधीच्या गाड्या चालतात. आणि पद्मिन्या सगळ्यात जास्त कुठं होत्या? मुंबईत, काळ्या-पिवळ्या.

गंमत अशी की कारखानाही कुर्ल्यात आणि जुन्या पार्टची, भंगाराची दुकानं लागतात तो सीएसटी रोडही कुर्ल्यातच. वीसेक वर्षं आमची सगळी मदार त्या टॅक्स्यांवर होती. टॅक्सीला वयाची अट असल्यामुळे गाडी कितीही धडधाकट असली तरी तारीख आली की भंगारात. इंजिन पार खंगलेलं, सीएनजीवर लाखो किलोमीटर पळालेलं. पण दारं, काचा, डिकीचं झाकण, स्टेअरिंग बॉक्स, मागच्या अ‍ॅक्सलची हौसिंग आमच्या कामाची. कुर्ल्याचे एक चाचा माझ्यासाठी बाजूला काढून ठेवायचे. "ताई, आपके लिए राइट साइड का दरवाजा रख्खा है, नीचे से सडा नहीं है," असा निरोप आला की शनिवारी रात्रीची ट्रॅव्हल्स.

ताडदेव आरटीओत नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ची. २० वर्षांच्या नियमाने ती २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली. त्या आठवड्यात पेपरांत फोटो आले, लोकांनी आठवणी लिहिल्या. आमच्यातल्यांना वेगळाच घोर लागला: विहिरीचा झरा आटला, आता फक्त पिंपातलं पाणी. आज कुणाच्या शेडमध्ये, कुणाच्या माळ्यावर जे आहे तेवढंच. पूर्वी पार्ट काट्यावर यायचा, किलोच्या भावाने. आता तो कुणाकडे आहे हे माहीत असावं लागतं आणि त्याने तो आपल्याला द्यावा असं आपलं वागणंही असावं लागतं.

गाडी तोडायची म्हणजे काय, हे भंगारवाल्याला विचाराल तर उत्तर वेगळं, आम्हाला विचाराल तर वेगळं. तो आधी बॅटरी काढतो, शिसं म्हणून. मग रेडिएटर, कारण जुना रेडिएटर तांब्या-पितळेचा. मग वायरिंग, तेही तांब्यासाठी. उरलेल्याला गॅस कटर. आम्ही कटर पेटायच्या आत पोचायचं आणि सुरुवात काचांपासून करायची. मागची वाकलेली काच आणि पुढच्या दारातल्या त्या छोट्या त्रिकोणी काचा सगळ्यात आधी. कडक केलेली काच नंतर कापता येत नाही, कापायला गेलं की भुगा होतो, म्हणजे हव्या त्या मापाची मूळ काचच मिळावी लागते. बीडिंग वाचवायच्या नादी लागू नये. काचेभोवतीचं रबर बाहेरून ब्लेडने सरळ कापायचं आणि आतून दोघांनी तळव्याने हळूहळू काच ढकलायची.

मग चकचकीत वस्तू. यातल्या बऱ्याच मझाकच्या, म्हणजे जस्ताच्या मिश्रधातूच्या ओतलेल्या. लोखंडी बंपर खड्डे भरून, घासून पुन्हा क्रोम होतो. मझाकला आतून फोड आले की पॉलिशवाला हात जोडतो. म्हणून हँडल हातात घेतलं की मी आधी ते उन्हात तिरपं धरून बघते. बारीक पुटकुळ्या दिसल्या की परत ठेवते, कितीही मूळचं असलं तरी.

यानंतर स्टेअरिंगवरच्या गिअरचे रॉड आणि त्यांची जोडणी. ही गोष्ट नवशिके तिथंच टाकून येतात, कारण ती दिसायला गंजक्या सळया. पण गिअर अडकतो, दुसऱ्याचा तिसरा पडत नाही, म्हणून वैतागून कितीतरी जण सगळं काढून ११८ एनई या प्रीमियरच्याच पुढच्या गाडीचा गिअरबॉक्स बसवतात आणि गिअरचा दांडा स्टेअरिंगवरून खाली जमिनीवर घेतात. दोष बहुतेक वेळा झिजलेल्या बुशचा, म्हणजे सांध्यातल्या छोट्या नळकांड्याचा असतो. चांगली जोडणी असली तर ही गाडी दोन बोटांनी गिअर घेते. त्या सळया मी एका दोरीत क्रमाने ओवून, प्रत्येकीला चिठ्ठी बांधून ठेवते.

नट-बोल्टसुद्धा आणते. फियाट इटालियन, त्यामुळे पाने मिलिमीटरचे. अँबेसेडर विलायती वळणाची, तिला इंची पाने. दोन्ही गाड्यांचे बोल्ट एकाच डब्यात टाकणाऱ्या गॅरेजवाल्याला मी गाडीला हात लावू देत नाही. जो नट सुटत नाही त्यावर रात्रभर डिझेल सोडायचं, सकाळी हातोडीने टकटक करून मग पाना. घाईने डोकं उडवलं की पुढचा अर्धा दिवस ड्रिलचा.

आमच्यात रेट नसतो, उधारी असते. मिरजेच्या एका डॉक्टरांकडे डुक्कर फियाट आहे, पुढची दारं उलटी उघडणारी. त्या दारांना पद्मिनीचं काही चालत नाही, बिजागरीच उलट्या बाजूला. त्यांना हवं ते मिळायला वर्षं जातात. पण इंजिनाचं सामान त्यांच्याकडे रग्गड. मी त्यांना साताऱ्याहून एक स्टेअरिंग बॉक्स मिळवून दिला. सातारकरांनी त्याचे पैसे घेतले नाहीत, त्यांना डायनामो हवा होता. डायनामो बेळगावच्या एका काकांकडे होता. ते म्हणाले, "पैशे नकोत ओ, माझ्या गाडीचं गिअरचं तेवढं तुम्ही बघा." म्हणजे डॉक्टरांचं काम झालं आणि बेळगावला जाऊन बुश बदलून आले मी. डॉक्टर अजून माझं इंजिनाचं एक हेड देणं लागतात. दर दिवाळीला आठवण करून देतात, हेड काही देत नाहीत.

बुश मी उद्यमनगरात, म्हणजे छोट्या कारखान्यांच्या वसाहतीत करून घेते. तिथल्या टर्नरमामांना नमुना दाखवला की पहिला प्रश्न, "ह्येच्यात फिरतंय काय नि थांबतंय काय?" बरोबर प्रश्न आहे, माझ्या डिप्लोमाच्या पोरांना तो सुचत नाही. ओतकामाचं मात्र सांभाळून. मूळ पार्ट थेट नमुना म्हणून वाळूत दाबला तर त्यातून येणारा पार्ट लहान येतो, कारण धातू थंड होताना आकसतो. बिडाला, म्हणजे ओतीव लोखंडाला, साधारण एक टक्का धरतात, म्हणजे २०० मिलिमीटरचा नमुना दाबला की हातात १९८. वर मशीनिंगला माल हवा तो वेगळाच. म्हणून नमुना वाढवून करावा लागतो, आणि एकट्याने एक नग ओतून घेणं परवडत नाही. दाराच्या रबराचंही तसंच: डाय करायचा तर मीटरने नाही, बंडलांनी घ्यावं लागतं. मागे आम्ही सात-आठ जणांनी वर्गणी काढून रबर करून घेतलं. त्यातल्या एकाने नंतर आपला वाटा दुप्पट भावाने विकला. त्याला आता कुणी फोन उचलून माहितीसुद्धा देत नाही.

साठवून ठेवणाऱ्यांचा मला त्याहून राग येतो. एका गृहस्थांकडे नव्या, कधीच न बसवलेल्या टेललॅम्पच्या काचा आहेत, डब्यासकट. विकायच्या नाहीत, द्यायच्या नाहीत, गाडी तर नाहीच. दाखवतात मात्र चहा पाजून.

आणि एक गोष्ट मी करत नाही. कागद जागेवर असलेली, इंजिन हाताने फिरणारी गाडी तोडत नाही, कुणी फुकट दिली तरी. इचलकरंजीत एका वाड्यात अशी एक होती. घरच्या मुलाला वाटणीआधी अंगण मोकळं करायचं होतं, भंगारवाला ठरला होता. मी प्लग काढून थोडं तेल सोडलं, पुढचा रॉड घालून फिरवलं, इंजिन फिरलं. आरसी बुक कपाटात मिळालं. मला त्या गाडीचा डॅशबोर्ड फार हवा होता, खोटं कशाला बोलू. पण महिनाभर ओळखीत विचारत राहिले आणि ती गडहिंग्लजला एका शिक्षकांकडे गेली. २०२१ च्या व्हिंटेज नियमांत ५० वर्षांवरची गाडी बसते, पण चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठी ढवळाढवळ नको अशी अट आहे. दहा गाड्यांचे तुकडे जोडून केलेली अकरावी तिथं अडते. तेव्हा सबंध गाडी सबंध ठेवण्यात नुसता भावनेचा प्रश्न नाही.

कॅफेवाल्यांचं यातच आलं. ते नाकाडासकट पुढचा भाग कापून नेतात, मडगार्ड, दिवे, जाळी सगळं. पैसे आमच्यापेक्षा जास्त देतात, त्यामुळे भंगारवाल्याला दोष देत नाही. पण त्या एका भिंतीत तीन गाड्यांचं सामान अडकून पडतं आणि कॅफे बंद पडल्यावर ते सुताराबरोबर जातं.

तर सध्या मला हवंय: डॅशबोर्ड, वरचा पत्रा न चिरलेला. डॉक्टरांच्या गाडीला उजव्या दाराचं आतलं हँडल. सोलेक्स कार्बोरेटरचा वरचा भाग, वाकडा नसलेला. बदल्यात देण्यासारखं: दोन जोड्या गिअरचे रॉड, बुश नवीन घालून, डाव्या बाजूची दोन दारं, खालून पत्रा मारावा लागेल, एक डिकीचं झाकण, त्रिकोणी काचा. धातूचं सामान ट्रॅव्हल्सच्या डिकीतून पाठवते. काच पाठवत नाही. ज्याला हवी त्याने गोधडी घेऊन स्वतः यायचं.