पाचवा स्लॅब आणि अडकलेला हप्ता

सकाळी साडेसहाला पंप सुरू झाला. इमारत कॉलेजच्या मागच्या फाटकासमोरची: खाली दुकानं, वर सात मजले, मजल्याला ३२ खाटा, म्हणजे एकूण २२४ विद्यार्थ्यांची सोय. त्या दिवशी पाचवा स्लॅब होता, म्हणजे चौथ्या राहत्या मजल्याचं छत. क्षेत्रफळ ६०० चौरस मीटर, जाडी १५० मिलिमीटर. नुसत्या स्लॅबला ९० घनमीटर काँक्रीट, बीम धरून १३५. सहा घनमीटरच्या मिक्सरने २३ फेऱ्या. दहावा मिक्सर रिकामा होत असताना बँकेचा निरोप आला: कर्जाचा पुढचा हप्ता थांबवलाय, निम्म्या खाटांचे भाडेकरार दाखवा, मग बघू.

मालकांनी फोनवर पहिलं हेच विचारलं, "आत्ताच्या आत्ता थांबवता येईल का?"

नाही येत. त्या क्षणी काँक्रीटची कड सहा मीटरच्या एका बीमवर, कॉलमला अगदी खेटून होती. कातरबल, म्हणजे बीमला कापू पाहणारं बल, सर्वांत जास्त तिथेच असतं. आजच्या आणि नंतरच्या काँक्रीटमध्ये जोड द्यायचाच तर तो बीमच्या मधल्या तिसऱ्या भागात, उभी फळी मारून द्यावा लागतो, आणि पुढचा माल ओतण्याआधी तिथली दुधाळ साय खरवडून खडी उघडी करावी लागते. मध्येच हात थांबला की उतरती, सैल कड तयार होते; ती पुढे गळते आणि तडकते. शिवाय तीन मिक्सर रस्त्यात होते. प्लांटवरून निघाल्यापासून दीड-दोन तासांत माल घट्ट व्हायला लागतो, मग कुणीतरी हळूच ड्रममध्ये पाणी सोडतं आणि ताकदीचे बारा वाजतात. उरलेल्या १३ फेऱ्या वाचवून जे पैसे उरले असते, त्याहून जास्त नंतर तोडफोडीला गेले असते. स्लॅब पूर्ण केला. ताकद तपासायला काँक्रीटचे क्यूब घेतले, दुपारी तीनला पंप धुतला, आणि मग कागद काढले.

बँकेचं चुकत होतं असं मला वाटत नाही. एकूण खर्च १०० धरा. त्यात ४० मालकांचे, ६० कर्जाचे. सगळ्या खाटा आणि दुकानं भरली तर वर्षाचं भाडं ११.५. भरणा, म्हणजे भरलेल्या जागेचं प्रमाण, ९५ टक्के धरला तर हातात १०.९, देखभाल, वीज, सफाई, राखण यांचे ३.४ गेले की ७.५ उरतात. व्याजदर ८ टक्के होता तेव्हा ६० वर ४.८ व्याज, दीडपटीहून थोडं जास्त, निवांत. दर साडेदहावर गेला की व्याज ६.३ आणि उरलेल्या पैशांचं व्याजाशी गुणोत्तर १.१९. बँकेला किमान १.२५ हवं होतं. आता भरणा ८५ टक्क्यांवर आणा. भाडं ९.८ होतं, पण खर्च ३.४ च राहतो, कारण खोल्या रिकाम्या असल्या म्हणून लिफ्ट, पंप आणि राखणदार कमी होत नाहीत. उरतात ६.४, व्याज ६.३. मुद्दल फेडायला काहीच नाही. दहा टक्के खाटांनी सगळा हिशेब झोपतो तो असा. दराची उडी कल्पनेतली नव्हे. मार्च २०२२ मध्ये शून्याजवळ असलेला अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हचा दर जुलै २०२३ पर्यंत सव्वापाच ते साडेपाच टक्क्यांवर गेला होता. पाया एका दरात आणि गिलावा दुसऱ्याच दरात, असं व्हायला एवढा काळ पुरतो.

कॉलेजच्या गावात मागणीचा अंदाज बांधणं आणखी फसवं. मंदीत नोकऱ्या आटल्या की पोरं शिकत राहतात. २००८ च्या पडझडीनंतर अमेरिकेत कॉलेजांतले प्रवेश २०१० पर्यंत वाढतच गेले. मार्च २०२० मध्ये मात्र कॉलेजं बंद झाली आणि खाटा आठवड्याभरात रिकाम्या झाल्या. त्यामुळे ‘मंदीत विद्यार्थ्यांची घरं सुरक्षित’ हे वाक्य अर्धंच खरं आहे. प्रवेश वाढले तरी नवी खोली भरेलच असं नाही. खिसा आखडला की दोघांच्या खोलीत तिघं राहतात.

मला मात्र आकड्यांपेक्षा तारखेची चिंता होती. सत्र सुरू व्हायला ३० आठवडे होते. बाकीचे तीन स्लॅब १४ दिवसांच्या चक्राने ६ आठवडे, शेवटच्या स्लॅबपासून ताब्यापर्यंत २२, बेरीज २८. दोन आठवड्यांची मोकळीक म्हणजे मोकळीक नव्हेच. सेंटरिंग, म्हणजे स्लॅबखालचा तात्पुरता साचा, लवकर काढून वेळ वाचवू म्हणावं तर साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू ७ दिवस, त्याहून मोठ्याचे १४, आणि सहा मीटरवरच्या बीमचे २१ दिवस हलवायचे नसतात. टेकू उभे असताना त्या मजल्यावर वीटकाम नीट होत नाही. साध्या निवासी इमारतीला महिनाभर उशीर झाला तर महिन्याचं भाडं जातं. इथे सत्र सुरू झाल्यावर महिन्याने दार उघडलं तर विद्यार्थी दुसरीकडे वर्षाचा करार करून बसलेले असतात.

म्हणून मी पाचव्या स्लॅबवरच टप्पा पाडायचा म्हटलं: एवढं आता पुरं करून भाड्याने द्यायचं, वरचे मजले नंतर. खालचे चार मजले, १२८ खाटा आणि सगळी दुकानं. तोवर ५८ खर्च झाले होते, त्यात कर्जाचे १८. एवढं पुरं करायला आणखी १९ लागणार होते, म्हणजे कर्ज ३७ आणि व्याज ३.९. नव्वद टक्के भरणा धरून खर्च वजा जाता ४.१ येत होते. जेमतेम. पण काम पूर्ण थांबवलं असतं तर १८ वर जवळजवळ १.९ व्याज आणि भाड्याच्या नावाने शून्य. बँकेच्या इंजिनिअरला हे लगेच पटलं. अर्ध्या सांगाड्याला तारण म्हणून कुणी विचारत नाही.

कागदावर रेघ मारणं सोपं. मधल्या मजल्याला छत करताना काय काय उपटतं, ते आम्ही रात्री आठपर्यंत लिहीत होतो. लिफ्टला वरच्या थांब्याच्या वर साडेचार मीटरच्या आसपास मोकळी उंची लागते, त्यामुळे लिफ्टच्या भिंती आणखी एक मजला चढवणं आलंच. जिन्यावर टोपी हवी. पाण्याच्या टाक्या आठव्या स्लॅबवर येणार होत्या, त्या आता इथे. माणशी १३५ लिटरने दिवसाला १७,२८० लिटर. अर्ध्या दिवसाचा साठा धरला तरी साडेआठ टनांहून जास्त वजन, तेही कॉलमच्या डोक्यावरच ठेवायचं, स्लॅबच्या मध्ये नव्हे. स्लॅब सपाट, पाऊस साचणार. म्हणून शंभरास एक उताराचा थर. सरासरी ७५ मिलिमीटर जाडीने चौरस मीटरला सुमारे १६५ किलो भरतो. भिंती आणि फरशीसाठी धरलेल्या वजनात तो बसतो का, हे आरसीसी कन्सल्टंटकडून, म्हणजे सांगाड्याचं डिझाइन करणाऱ्याकडून, लेखी घेतलं. ट्रान्सफॉर्मर आणि सांडपाण्याची लाइन मात्र पूर्ण २२४ च्या हिशेबानेच. ती दोनदा करणं म्हणजे दुप्पट खर्च.

खरं नाजूक काम होतं २४ कॉलमच्या डोक्यांचं. २० मिलिमीटरच्या सळईला नंतर वरच्या मजल्याची सळई जोडायला व्यासाच्या पन्नासपट, म्हणजे एक मीटर लांबी लागते. त्या उघड्या सळया वर्षभर पावसात राहणार. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, "साहेब, वाकवून आडव्या टाकू, वर पातळ काँक्रीट." मी नको म्हटलं. जाड सळई एकदा वाकवून पुन्हा सरळ केली की वाकणापाशी बारीक चिरा पडतात, आणि नेमकी ती जागा कॉलमच्या बुडाशी येते. सळया उभ्याच ठेवायच्या. तारेच्या ब्रशने घासून सिमेंट-पॉलिमरचा लेप द्यायचा, वर प्लॅस्टिकची नळी, नळीचं तोंड बंद. प्रत्येक डोक्याभोवती १५० मिलिमीटर उंच काँक्रीटची कड, आणि वॉटरप्रूफिंग त्या कडेवर चढवून संपवायचं. असं छत गळतं ते बहुधा मधून नाही, या बुंध्यांपासूनच.

चार आठवड्यांनी ५० मिलिमीटर पाणी भरून तीन दिवस ठेवलं. तेवीस कॉलम कोरडे. जिन्याजवळच्या एकाच्या खाली छताला तळहाताएवढा ओला डाग. लेप उचकटला तर कडेच्या काँक्रीटमध्ये बांधणीची तार अडकलेली निघाली; तिच्या अंगाने पाणी उतरत होतं. तार कापली, खाच भरली, पुन्हा पाणी भरलं.