भाड्याच्या घरासाठी काउन्सिलचा परवाना: पूर्व लंडनमधील माझा अनुभव

इंग्लंडमध्ये घर भाड्याने देण्यासाठी सरसकट परवाना लागत नाही. तो लागतो की नाही, हे घर कोणत्या काउन्सिलच्या, म्हणजे स्थानिक पालिकेच्या, हद्दीत आहे आणि त्यात कोण राहते यावर ठरते. २००४ च्या हाउसिंग अ‍ॅक्टनुसार, एकाहून अधिक कुटुंबांतील पाच किंवा त्याहून जास्त माणसे स्वयंपाकघर वा बाथरूम सामायिक वापरत असतील, तर त्या घराला, म्हणजे एचएमओला, देशभर कुठेही परवाना घ्यावाच लागतो. याच कायद्याने काउन्सिलला आणखी एक अधिकार दिला आहे. एखाद्या भागात घरांची अवस्था वाईट असेल किंवा उपद्रव आणि गुन्हेगारी जास्त असेल, तर तो भाग जाहीर करून तेथील प्रत्येक खाजगी भाड्याच्या घराला, अगदी एकच कुटुंब राहत असले तरी, परवाना सक्तीचा करता येतो. यालाच सिलेक्टिव्ह लायसन्सिंग म्हणतात आणि अशी एक योजना जास्तीत जास्त पाच वर्षे चालते. पूर्व लंडनमधील न्यूहॅम काउन्सिलने १ जानेवारी २०१३ पासून ती संपूर्ण बरोला, म्हणजे आपल्या हद्दीतील सगळ्या भागाला, लागू केली, तेव्हापासून लंडनच्या घरमालकांमध्ये या विषयावरचा वाद थांबलेला नाही.

आमचा दोन बेडरूमचा फ्लॅट अशाच एका बरोमध्ये आहे. मुलांच्या शाळेसाठी आम्ही दुसरीकडे राहायला गेलो आणि तो फ्लॅट एका तरुण जोडप्याला भाड्याने दिला. त्यांना एक लहान मुलगी आहे. त्यानंतर काही काळाने काउन्सिलने त्या वॉर्डासाठी योजना प्रस्तावित केली. अशा प्रस्तावावर किमान दहा आठवडे लोकांची मते मागवावी लागतात. त्या काळात काउन्सिलने घरमालकांची सभा बोलावली आणि मी तिला गेले.

सभेतील बहुतेकांचा विरोध होता आणि त्यांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नव्हते. दरवर्षी गॅसची तपासणी, दर पाच वर्षांनी विजेच्या जोडणीचा अहवाल, ऊर्जा प्रमाणपत्रात किमान ‘ई’ श्रेणी, प्रत्येक मजल्यावर स्मोक अलार्म, डिपॉझिट मान्यताप्राप्त योजनेत ठेवणे, हे सर्व आधीच कायद्याने बंधनकारक आहे. मग त्याच गोष्टींसाठी पुन्हा फी का द्यायची, असा त्यांचा पहिला प्रश्न होता. दुसरा आक्षेप अधिक गंभीर होता. जो मालक नियम पाळतो तो अर्ज करून पैसे भरतो आणि जो एकेका खोलीत चार चार माणसे ठेवून रोख भाडे घेतो तो अर्जच करत नाही, त्यामुळे दुसऱ्याला शोधण्याचा खर्चही पहिल्याच्या खिशातून जातो. एका वयस्कर गृहस्थांचे निवृत्तीनंतरचे सारे उत्पन्न एका घराच्या भाड्यावर अवलंबून होते. ही फी आपल्याला भाड्यातच मिळवावी लागेल, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. मला दुसरा आक्षेप पटला आणि आजही पटतो. पहिला मात्र त्या दिवशीही पूर्णपणे पटला नव्हता, कारण आम्ही इतकी वर्षे घर भाड्याने देत असताना ही प्रमाणपत्रे दाखवा असे काउन्सिलने आम्हाला कधीच विचारले नव्हते.

योजना मंजूर झाली आणि अर्जाची तारीख जाहीर झाली. अर्ज ऑनलाइन होता. घराचा मजल्याचा आराखडा, प्रत्येक खोलीची मापे, राहणाऱ्यांची संख्या, भाडेकरार, गॅसचे आणि विजेचे कागद, ऊर्जा प्रमाणपत्र हे सर्व जोडावे लागले. मालक ‘फिट अँड प्रॉपर’ म्हणजे परवाना धारण करण्यास योग्य व्यक्ती आहे, याचे प्रतिज्ञापनही द्यावे लागते. त्यात फसवणूक, हिंसा किंवा घरभाड्याच्या कायद्यांचे उल्लंघन यासंबंधीची माहिती मागतात. सर्वांत जास्त वेळ मात्र ज्यांचा त्या घरात कायदेशीर हितसंबंध आहे त्यांना अर्जाबद्दल लेखी कळवण्यात गेला. आमच्या बाबतीत मॉर्गेज देणारी बँक आणि इमारतीचा फ्रीहोल्डर, म्हणजे जमिनीचा मूळ मालक, असे दोन पक्ष होते. ज्यांचा फ्लॅट लीजवर, म्हणजे ठरावीक वर्षांच्या पट्ट्यावर, आहे त्यांनी फ्रीहोल्डरचा सध्याचा पत्ता अर्ज उघडण्याआधीच शोधून ठेवावा, कारण जमीनमालकी अधूनमधून एका कंपनीकडून दुसरीकडे जाते आणि जुन्या कागदांवरचा पत्ता उपयोगाचा राहत नाही.

विजेच्या अहवालाने आम्हाला खर्चात टाकले. इलेक्ट्रिशियनने जुन्या फ्यूजबॉक्सला सी-२ ही खूण दिली. याचा अर्थ आज धोका नाही, पण उद्या उद्भवू शकतो, आणि असा अहवाल असमाधानकारक धरला जातो. आम्ही नवा बॉक्स बसवून घेतला आणि दुरुस्तीचा लेखी पुरावा अर्जाला जोडला.

फी दोन भागांत घेतली जाते आणि यामागे न्यायालयांचे निर्णय आहेत. पहिला भाग अर्ज तपासण्याचा असतो. दुसरा भाग योजना चालवण्याचा आणि अंमलबजावणीचा असतो आणि तो परवाना देण्याचे ठरल्यावरच मागता येतो. आमची एकूण फी साडेसातशे पौंडांच्या आसपास झाली, म्हणजे पाच वर्षांत पसरली तर महिन्याला साधारण साडेबारा पौंड. हा आकडा मी मुद्दाम लिहीत आहे, कारण या फीमुळे भाडे महिन्याला पन्नास किंवा शंभर पौंडांनी वाढवावे लागेल, असे जेव्हा कोणी म्हणतो तेव्हा तो हिशेब जुळत नाही. आम्ही या कारणासाठी भाडे वाढवले नाही.

परवान्याचा मसुदा आधी हितसंबंधी पक्षांना पाठवला जातो आणि हरकत घेण्यासाठी किमान चौदा दिवस मिळतात. अंतिम निर्णय मान्य नसेल तर ट्रायब्युनलकडे, म्हणजे न्यायाधिकरणाकडे, अपील करता येते. आमच्या काउन्सिलकडून मसुदा यायला फार उशीर झाला आणि मधल्या काळात ईमेलला उत्तरेही येत नव्हती. तरीही परिपूर्ण अर्ज वेळेत दाखल झालेला असेल, तर तो प्रलंबित असताना विनापरवाना घर दिल्याचा गुन्हा लागत नाही. हे ठाऊक असल्यामुळे आम्ही निर्धास्त होतो. अर्जच न करणाऱ्याला मात्र न्यायालयात अमर्याद दंड होऊ शकतो. खटल्याऐवजी काउन्सिल स्वतः ३०,००० पौंडांपर्यंत दंड लावू शकत असे आणि भाडेकरूला बारा महिन्यांपर्यंतचे भाडे परत मागता येत असे. २०२५ च्या रेंटर्स राइट्स अ‍ॅक्टने या मर्यादा वाढवून ४०,००० पौंड आणि दोन वर्षांचे भाडे अशा केल्या आहेत.

या सर्व प्रक्रियेत मला ज्याने विचार करायला लावले ती तपासणी. अशा परवान्यासाठी प्रत्येक घर आधी पाहिलेच पाहिजे असे नसते, पण आमच्या घराची निवड झाली. आलेल्या अधिकारी बाईंनी मुख्य दरवाजा आतून किल्लीशिवाय उघडतो का हे पाहिले, स्मोक अलार्म वाजवून पाहिले, बॉयलरच्या खोलीतला कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म पाहिला, खिडक्या उघडून पाहिल्या. मग त्या भाडेकरू जोडप्यातील तरुणीशी बोलू लागल्या आणि त्या बोलण्यात तिने सांगितले की लहान बेडरूममधील कपाटामागच्या भिंतीला हिवाळ्यात ओल येते आणि तिथे काळी बुरशी धरते. ती खोली तिच्या लेकीची होती. आमचे तिच्याशी संबंध चांगले होते, आम्ही सणाला फराळ नेऊन देत असू, तरीही तिने आम्हाला हे कधी सांगितले नव्हते. मी नंतर तिला विचारले. तिने सांगितले की आधीच्या घरात अशीच तक्रार केल्यावर त्यांना कलम २१ची नोटीस आली होती, म्हणजे कोणतेही कारण न देता दोन महिन्यांत घर सोडण्याची सूचना. त्यामुळे पुसता येईल तितके पुसायचे आणि गप्प राहायचे, असे दोघांनी ठरवले होते.

आम्ही बाहेरील पागोळीचा फुटलेला पाइप बदलला, भिंत सुकवून घेतली आणि बाथरूममध्ये आर्द्रता ओळखून आपोआप चालणारा पंखा बसवला. अधिकारी बाईंनी पुढे फोटो मागवून नोंद पूर्ण केली.

म्हणूनच हे नियम आधीपासून आहेतच, हा युक्तिवाद मला आता अपुरा वाटतो. नियम होते, पण ज्या भाडेकरूला मालकाची भीती वाटते तिला विचारणारे तिसरे कोणी नव्हते. त्याच कारणासाठी, फी घेऊन केवळ कागद तपासणाऱ्या योजनेला माझा विरोध आहे. काउन्सिलने किती घरे प्रत्यक्ष पाहिली, किती विनापरवाना घरे शोधली आणि जमा झालेली फी कशावर खर्च केली, हे दरवर्षी प्रसिद्ध करावे, असे मी पुढील योजनेच्या मतनोंदणीत लिहून दिले आहे. डिसेंबर २०२४ पासून मोठ्या क्षेत्राच्या योजनेसाठीही काउन्सिलला मंत्र्यांची मंजुरी घ्यावी लागत नाही, त्यामुळे हा हिशेब मागण्याची जबाबदारी स्थानिक लोकांवर, भाडेकरूंवर आणि आमच्यावरही, अधिक आली आहे.

पुण्या-मुंबईला परत गेलेल्या आणि इथले घर भाड्याने ठेवलेल्या मराठी मंडळींसाठी एक माहिती द्यायला हवी. अनेक काउन्सिली परवानाधारक किंवा घराचा व्यवस्थापक ब्रिटनमध्ये राहणारा असावा असा आग्रह धरतात. लेटिंग एजंटला त्यासाठी नेमता येते, पण त्याच्या करारात परवान्याच्या अटी पाळण्याची जबाबदारी कोणाची, हे स्वच्छ लिहून घ्यावे. घर विकले किंवा दुसऱ्याच्या नावे केले तर परवाना त्याच्यासोबत जात नाही, नव्या मालकाला तो नव्याने काढावा लागतो. आपल्या घराचा रस्ता योजनेत येतो का, हे काउन्सिलच्या संकेतस्थळावर पोस्टकोड टाकून सहसा पाहता येते. योजना संपून नवी सुरू होताना हद्दी बदलतात, म्हणून एकदा पाहून झाले तरी पुढच्या योजनेच्या वेळी पुन्हा पाहावे.