तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, पंखे मीच मागितले होते

लग्नात विचारतात, ट्रेनिंगला विचारतात, मध्यंतरी तर एका बारशाला पाळण्याची दोरी हातात असताना विचारलं. "सिस्टर, तुम्हीच ना त्या फेसबुकवर पंखे मागणाऱ्या?" त्यापुढचं वाक्य माणसागणिक बदलतं. कुणी म्हणतं शोभलं का, कुणी म्हणतं बरं केलंत, आणि आमच्याकडे नव्याने लागलेल्या मुली विचारतात, आम्हीपण टाकू का यादी? भाचीचा नवरा तर सरळच: "मावशी, सातवा वेतन आयोग घेता आणि लोकांपुढे हात पसरता?" तो बँकेत आहे. दिवाळीत त्याच्या घरी येणारे काजूकतलीचे डबे मी कधी मोजले नाहीत.

तर एकदाच लिहून टाकते.

मे 2020 मध्ये मी माझ्या खात्यावर लिहिलं होतं की, जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात कोविड वॉर्डला असलेल्या सिस्टरांसाठी भिंतीवरचे दोन पंखे, पाणी गरम करायची किटली, सॅनिटरी पॅड, ओआरएसचे पुडे आणि धुता येतील अशा रबरी चपला हव्या आहेत, कुणी देऊ शकेल का. बस. रुग्णांसाठी काही मागितलं नव्हतं, आणि लोकांना खुपतं ते हेच. "पेशंटसाठी मागितलं असतं तर गोष्ट वेगळी होती" हे मला डॉक्टरांपासून किराणावाल्यापर्यंत सगळ्यांनी ऐकवलंय. का वेगळी? पीपीई किट घातलं की सहा तास पाणी नाही, बाथरूम नाही, त्यात पाळी आलेली, आणि मध्येच किट काढलं तर दुसरं मिळेल याचा भरवसा नाही. एसी बंद ठेवायचे आदेश. डॉफिंग करून, म्हणजे किट उतरवून, बाहेर आलं की बसायचं कुठे, तर जुन्या लिनन रूममध्ये. तिची एकुलती एक खिडकी रंगाने चिकटून बंद झालेली. आमच्याकडे मे महिन्यात पारा 42-43 ला जातो. पेशंटवर फिरला की पंखा सेवेत, सिस्टरवर फिरला की चैनीत, हा हिशोब कुणी मांडला?

इंडेंट, म्हणजे सामानाचं मागणीपत्र, टाकलं नव्हतं का? टाकलं होतं हो. पंखा हा आमच्या स्टोअरचा विषय नाही, दुसऱ्या खात्याचा आहे, असा शेरा मारून कागद परत आला. पॅडसाठी तर खर्चाचं हेडच नाही म्हणाले.

मग नियम. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979. सरकारी कर्मचाऱ्याने पूर्वपरवानगीशिवाय कोणत्याही कारणासाठी रोख किंवा वस्तुरूपात वर्गणी मागायची नाही, ती गोळा करण्याशी संबंधही ठेवायचा नाही. देणगी घ्यायची तर ती रुग्ण कल्याण समितीमार्फत, पावती फाडून. मला कारणे दाखवा नोटीस आली. नियमाची कल्पना नव्हती, असं मी खुलाशात लिहिलं. कल्पना होती. त्याच आठवड्यात आवारात सॅनिटायझरचे कॅन स्वीकारण्याचा कार्यक्रम झाला, बॅनरसकट. आम्हाला मागे उभं राहायला बोलावलं होतं, तेही किट घालून, फोटो बरा येतो म्हणून. त्या दिवशी वॉर्डात किट कमी पडले.

22 मार्चला थाळ्या वाजल्या होत्या. 3 मे रोजी मोठ्या शहरांतल्या हॉस्पिटलांवर हेलिकॉप्टरमधून फुलं पडली, ती आम्ही टीव्हीवर पाहिली. फुलं कुणी मागितली नव्हती, म्हणून तो सन्मान झाला. मागितलेली चपलांची जोडी मात्र भीक.

आणि ते वर्ष आधुनिक नर्सिंगचा पाया घालणाऱ्या फ्लोरेन्स नाइटिंगेलबाईंच्या जन्माचं 200 वं. 12 मे ला आमच्या हातात दिवा देऊन शपथ म्हणायला लावतात. त्या बाईंनी स्कुटारीला, तुर्कस्तानातल्या ब्रिटिश लष्करी इस्पितळात, काय केलं ते शपथेत नाही. 1854 मध्ये तिथे लष्कराच्या स्टोअरमधून साधे शर्ट सुटेनात, तेव्हा लंडनच्या 'द टाइम्स'ने वाचकांकडून जमवलेल्या फंडातून त्यांनी शर्ट, टॉवेल असलं सामान बाजारातून आणवलं. म्हणजे इंडेंट अडकलं आणि जनतेकडे गेल्या. खुलाशात मी हेही लिहिलं होतं. मेट्रनबाईंनी वाचलं आणि म्हणाल्या, "अगं, नोकरी करायची आहे ना?" मग काढून टाकलं. हो, शर्ट सैनिकांसाठी होते, स्वतःसाठी नव्हते, मला माहीत आहे. भाचीच्या नवऱ्याने तेही शोधून काढलं.

आता जे मला स्वतःला टोचतं ते. आमचं बघून पुढे काहींनी काय काय मागितलं. साडीच्या दुकानाला मेसेज गेले, कोविड योद्ध्यांना सूट आहे का. केक मागवून झाले. फेशियलचं कूपन. एका कंत्राटी सिस्टरने मोबाइलच्या दुकानाच्या पेजवर लिहिलं, माझी स्क्रीन फुटली आहे, जुना फोन पडून असेल तर द्या. त्याखाली लोक जे बोलले ते मी इथे लिहीत नाही. चारचौघांत मी तिची बाजू घेतली आणि चेंजिंग रूममध्ये तिला झाप झाप झापलं, तुझ्यामुळे आम्ही सगळ्याच भिकारी दिसतो म्हणून. तिचं दीड वर्षाचं पोर गावी आईकडे होतं. तीन महिने पगार झालेला नव्हता. पोर दिसायचं ते फक्त व्हिडिओ कॉलवर. मग माझा पंखा गरजेचा आणि तिचा फोन चैनीचा, ही रेघ मी कुठून ओढली? अजून सापडलेली नाही मला ती. केकच्या अलीकडे कुठेतरी असावी.

पण तुम्ही विचारता तेव्हा मी खरं तर ज्याच्याबद्दल बोलायचं टाळते, ते वेगळंच आहे.

पंखे ज्यांनी दिले त्यांचं गावात इलेक्ट्रिकचं दुकान आहे. आम्ही त्यांना पंखेवाले काका म्हणायला लागलो. त्यांनी फोटो काढला नाही, बॅनर लावला नाही, उलट माणूस पाठवून पंखे बसवूनही दिले. कधी दुकानावरून गेलं की "सिस्टर, चालतात ना?" एवढंच. द्यावं तर असं, असं मला आजही वाटतं. ते फोटोवाले असते तर मला पुढचं सगळं सोपं गेलं असतं.

एप्रिल 2021. राज्यात दिवसाला 60 हजारांवर रुग्ण सापडत होते. आमच्याकडे ऑक्सिजनचे बेड संपलेले, कॅज्युअल्टीच्या व्हरांड्यात बाकड्यांवर माणसं, एकेका जम्बो सिलिंडरला दोघं जोडलेले. माझी नाईट होती. मध्यरात्रीच्या सुमाराला काका ग्रिलबाहेर येऊन उभे राहिले. त्यांचा धाकटा भाऊ रिक्षात होता, चाळिशीचा, सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन, 82. "सिस्टर, बघा काही होतंय का," एवढंच म्हणाले. पंख्याचं नाव काढलं नाही. भावाचा मुलगा मात्र मागून बोलला, "आत आमचेच पंखे फिरतायत म्हणावं." काकांनी त्याच्याकडे असं पाहिलं की पोरगं जागीच गप्प झालं.

व्हरांड्यात त्यांच्या आधीपासून एक बाई होत्या. साठीच्या, तांड्यावरच्या, आशाताईने, म्हणजे गावच्या आरोग्य स्वयंसेविकेने, जीपमधून आणलेल्या. सॅच्युरेशन 74. त्यांच्यासोबत घरचं कुणी नव्हतं. आशाताई शेजारी जमिनीवर बसून, दिसेल त्या पांढऱ्या किटला हात करत होती.

थोड्या वेळाने एक बेड रिकामा झाला. तेव्हा बेड कसे रिकामे व्हायचे ते तुम्हाला माहीत आहे.

बेड कुणाला द्यायचा हे सिस्टर ठरवत नाही. ड्यूटीवरचे मेडिकल ऑफिसर ठरवतात. ते बॉन्डवर, म्हणजे शिक्षणानंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेवर आलेले, पंचविशीचे, सकाळपासून उभे. ते बाहेर आले, मी बरोबर होते. दोघंही पेशंट दाखवले. आणि दाखवताना मी म्हटलं, "सर, हे आपले पंखेवाले काका."

एवढंच. शिफारस केली नाही. ओळख करून दिली. बाईंची ओळख करून दिली नाही, कारण त्यांचं नाव मला केसपेपरवर बघावं लागलं असतं.

बेड धाकट्या भावाला मिळाला. वय कमी आहे, वाचायची शक्यता जास्त आहे, बाईंना तोवर हवेतून ऑक्सिजन काढणारा कॉन्सन्ट्रेटर लावू, असं सर म्हणाले. त्या दिवसांत असे निर्णय रोज व्हायचे आणि हा चुकला असं म्हणायला मी कोण? मी तोंड उघडलं नसतं तरी कदाचित हेच झालं असतं. बाईंना पहाटे दुसरा बेड मिळाला. चौथ्या दिवशी त्या गेल्या. 74 वर आलेले तेव्हा किती वाचायचे ते आमच्या रजिस्टरला विचारा. काकांचा भाऊ वाचला, आता दुकानात बसतो.

पुढे सर पीजीला निघाले तेव्हा मी त्यांना विचारलं, त्या रात्री मी "पंखेवाले काका" म्हटलेलं तुम्ही ऐकलं होतं का? ते म्हणाले, "सिस्टर, मला त्या महिन्यातलं काहीच आठवत नाही." खरं बोलले की माझ्यासाठी बोलले, कळलं नाही.

माझी बॅचची मैत्रीण इंग्लंडमध्ये नर्स आहे. तिकडच्या नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिलच्या आचारसंहितेत लिहिलंय की अगदी क्षुल्लक सोडून बाकी भेटवस्तू नाकारा, कारण ती घेणं म्हणजे झुकतं माप मिळवायचा प्रयत्न, असा अर्थ निघू शकतो. तिने हे मला 2020 मध्ये फोनवर वाचून दाखवलं तेव्हा मी हसले होते. दोन पंख्यांनी कोण झुकतंय? आता वाटतं, त्या वाक्यातही एक गोष्ट राहून गेली आहे. काकांनी प्रयत्न केलाच नव्हता. झुकलं असेल तर माझ्या बाजूने झुकलं, न मागता.

2020 मधली मी मात्र हे ऐकून घेत नाही. ती म्हणते, ओळखीने बेड मिळणं पंख्यांच्या आधीपासून चालू आहे. पुढाऱ्यांचे फोन यायचे, त्यांनी कुठला पंखा दिला होता? मी म्हणते, ते फोन मी करत नव्हते. ती म्हणते, पोस्ट टाकल्यावर चार दिवसांत लिनन रूमची खिडकी फोडून जाळी बसली, इंडेंटने बसली असती का? नसती बसली. मग ती विचारते, उकाड्यात चक्कर येऊन पडायचं होतं का मग? इथे आमचं अडतं, दर वेळी.

तिला माहीत नसलेली एक गोष्ट माझ्याकडे आहे. पुढच्या वर्षीच्या मागणीपत्रात आमच्या खोलीसमोर लिहून आलं, "पंखे: उपलब्ध." देणगीचे, म्हणून डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे टिकाऊ सरकारी वस्तूंच्या वहीत, नोंद नाही, पण उपलब्ध. त्यातला एक जळाला तेव्हा दुरुस्त करता येईना, कारण तो सरकारचा नाही, आणि निर्लेखितही, म्हणजे रीतसर बादही, करता येईना, कारण नोंदच नाही. वस्तू लोकांनी दिली की ज्याने द्यायची तो त्या रकान्यातून सुटतो, हे मला स्टोअरकीपरने शिकवलं.

अजून एक. जून 2021 मध्ये राज्यभरातल्या आशाताईंनी संप केला. त्या वस्तू मागत नव्हत्या, पैसे मागत होत्या. 1,000 रुपये मानधनवाढ आणि 500 रुपये कोविड भत्ता पदरात पडला. 2022 च्या मे अखेरीस आम्ही सरकारी परिचारिका संपावर गेलो, पदं ठेकेदारामार्फत भरू नका म्हणून. तेव्हा मी फेसबुकवर लिहिलं तर ज्या लोकांनी चपला पाठवल्या होत्या त्यांतलेच काही खाली येऊन म्हणाले, पेशंटना वेठीस धरता, लाज वाटत नाही का? काकांनी काही लिहिलं नाही. मी रोज बघत होते.

आता नव्या मुलींचं. त्या आमच्यापेक्षा हुशार आहेत. नर्सेस डेच्या आधी इन्स्टावर यादी टाकायची, देणाऱ्याने ऑनलाइन पैसे भरायचे, वस्तू थेट दारात, आणि देणाऱ्याचं नाव कुणालाच कळू द्यायचं नाही. "मॅडम, नावच कळलं नाही तर पंखेवाले काका तयारच होणार नाहीत ना?" एकीने मला विचारलं. मला चटकन काही सुचलं नाही. यादीत कॉफी मशीन होतं, ते काढ म्हटलं. का काढू, म्हणाली. नाईटला तुम्ही काय पिता?

यादी तिने टाकलीच. मी लाइक केली नाही. आमच्या निवृत्त सिस्टरांच्या ग्रुपवर मात्र पाठवली, आणि संध्याकाळपर्यंत त्यातल्या बऱ्याच वस्तू त्यांनीच घेतल्या. पोरगी खूश, बघा मॅडम, बाहेरचं कुणीच नाही. मी म्हटलं, अगं, म्हणजे वॉर्डातल्या सिस्टरचा पंखा शेवटी सिस्टरच्याच पेन्शनमधून? ती म्हणाली, त्यांची हौस आहे, तुम्ही का चिडता? त्यावरून आमचं वाजलं, ते अजून मिटलेलं नाही. कॉफी मशीन तिने यादीतून काढलेलं नाही.