साडेदहाला घरी जायचं गाणं

परवा सकाळी साडेदहाला माझा अख्खा बालवर्ग घरी जायला निघाला. सुटायची वेळ साडेबाराची. मी कुणाला काही सांगितलं नव्हतं, दारात एकही पालक नव्हता. झालं एवढंच, की मातीकामाच्या टेबलाशी बसलेल्या चार वर्षांच्या एका मुलीने घरी जायच्या गाण्याची चाल गुणगुणायला घेतली.

ती वर्गात नवी आहे. आईचा हात सोडताना रडत नाही, पण नंतर फारसं बोलतही नाही. खाली मान घालून मातीच्या वळ्या करत होती आणि नाकातल्या नाकात गुणगुणत होती, शब्द नव्हतेच. शब्द शेजारच्या मुलाने घातले, पलीकडच्या दोघांनी उचलले, आणि मी रंगाचं पाणी बदलून येते तोवर मुलं ब्रश टाकून, चिखलाचे हात तसेच घेऊन दप्तरांच्या खणांपाशी पोचली होती. मावशींनी कपाटाचं दार उघडूनही दिलं होतं. घड्याळाकडे त्यांनीही बघितलं नव्हतं.

आमच्या वर्गात दिवसातला प्रत्येक बदल गाण्यावर होतो. आल्यावर एक, खेळ आवरताना एक, हात धुताना एक, डब्याआधी एक, पेंग येते तेव्हा एक गुणगुण आणि निघताना एक. गाणी दोन-तीन ओळींची, आमची आम्हीच रचलेली. पालकांना वाटतं, बालवाडीत संगीत म्हणजे आठवड्याचा एक तास, समोर पेटी आणि वर्षाअखेर कार्यक्रमासाठी बसवलेलं नाचगाणं. त्या नाचगाण्यात मुलं गातात कमी आणि ठरलेल्या जागी उभं राहायला शिकतात जास्त, हे माझं स्पष्ट मत आहे. रोजच्या कामात मुरलेलं गाणं वेगळं असतं. चार वर्षांच्या मुलाला ‘पाच मिनिटांत आवरा’ म्हणण्याला काही अर्थ नाही. पाच मिनिटं म्हणजे किती, हे त्याला कळत नाही. ‘गाणं दोनदा होईपर्यंत’ हे मात्र नेमकं कळतं. हात साबणाने किमान २० सेकंद चोळायचे असतात. मुलं मनात आकडे मोजणार नाहीत, म्हणून हात धुण्याचं गाणं मी घड्याळ लावून तेवढं बेतलं. एक ओळ तळव्यांची, एक बोटांच्या बेचक्यांची, एक अंगठ्यांची. अंगठ्याची ओळ मुद्दाम शेवटी, कारण अंगठा सगळेच विसरतात.

अशी गाणी रचायला सोपी वाटतात, पण त्यांत खूप काही बघावं लागतं. पहिली गोष्ट सूर. मी गाणं शिकलेली आहे, माझा षड्ज, म्हणजे ज्याच्या आधाराने गायचं तो सा, पेटीच्या पाचव्या काळ्या पट्टीवर, काळी पाच. त्या षड्जावरून मंद्रात, म्हणजे खालच्या सुरांत उतरणारं काही सुरू केलं की मुलांचा आवाज खाली पोचत नाही. ती गात नाहीत, नुसते शब्द बोलतात, आणि मग आपण म्हणतो, मुलं बेसूर आहेत. या वयात बहुतेकांचा आवाज पेटीच्या मधल्या सप्तकातल्या दुसऱ्या ते सहाव्या पांढऱ्या पट्टीच्या टप्प्यात निवांत चालतो. आपल्याला ते जरा चढं वाटतं, तरी आपणच वर जायचं. पुरुष शिक्षक एक सप्तक खाली गातात तेव्हा काही मुलं गोंधळून मधलाच कुठलातरी स्वर धरतात. दुसरी गोष्ट चाल. पंचमावरून शुद्ध गंधारावर उतरणारा तो छोटा टप्पा, प-ग, प-ग, मुलांच्या तोंडी सहज बसतो. एकमेकांना लांबून हाका मारतानाही तो ऐकू येतो. हंगेरीचे संगीतकार झोल्तान कोडाय (१८८२–१९६७) यांच्या विचारांवर उभ्या राहिलेल्या शिक्षणपद्धतीत गाण्याची सुरुवात याच दोन स्वरांनी होते. आमची निम्मी गाणी प-ग वर आहेत आणि मला त्याचा अभिमान आहे. तिसरी गोष्ट लय. मोठ्या माणसाला आपणहून टाळी वाजवायला सांगितली तर मिनिटाला साधारण १०० ठोके पडतात, चार-पाच वर्षांचं मूल त्याहून बरंच जलद वाजवतं. आपल्या लयीत गायलं की मुलं पुढे पळतात आणि आपण त्यांना घाई करू नका म्हणतो.

शेजारच्या वर्गात हेच काम स्पीकरवर होतं. मोबाइलवर आवराआवरीचं तयार गाणं लागतं, मागे ढोल आणि झांजा. मला ते बघवत नाही. यंत्रातलं गाणं थांबत नाही. एखाद्याचा चपलेचा पट्टा अडकला तर मी शेवटची ओळ ताणते, त्याचं नाव ओळीत घालते, सगळे त्याच्यासाठी पुन्हा गातात. स्पीकरचं गाणं संपलं की तो मागे राहिला, आणि सगळ्यांना दिसला.

घरी जायचं गाणं असं आहे: ‘दप्तर पाठीला, चप्पल पायाला, कोण आलंय, कोण आलंय, आपल्याला न्यायला?’ शेवटच्या ओळीला दार उघडतं आणि दारात खरंच कुणीतरी असतं. रोज.

त्या दिवशी बाकीची मुलं दप्तरांकडे गेली, ती गेली नाही. हातातली माती टेबलावर ठेवून ती सरळ दाराशी गेली. बाहेर बघितलं. पुन्हा बघितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “ताई, गाणं झालं की.”

तिचा आवाज रडवेला नव्हता. दुकानदाराला पैसे देऊनही त्याने वस्तू दिली नाही तर आपण ज्या आवाजात विचारू, तो आवाज होता.

मी तिच्याजवळ खाली बसले. म्हटलं, “हो, गाणं झालं. छान झालं. आई यायची वेळ अजून व्हायचीय.” तिला ते पटलं नाही, हे चेहऱ्यावर दिसत होतं. तेवढ्यात मागे दोघांची दप्तरांची ओढाओढ सुरू झाली, म्हणून मी हात धुण्याचं गाणं धरलं. सगळ्यांचे हात मातीचे होतेच. अर्ध्या ओळीत रांग नळाकडे वळली. तीही आली, दाराकडे मान वळवत वळवत.

मुख्याध्यापिका व्हरांड्यातून बघत होत्या. “वा, काय शिस्त आहे तुमच्या वर्गाला,” त्या म्हणाल्या. त्या मनापासून बोलल्या, पण मला ते लागलं. मुलं हुकमावर हलावीत म्हणून मी गाणी केलेली नाहीत. पुढे काय होणार हे मुलांना आधी कळावं, बदलाची धास्ती वाटू नये, म्हणून केली आहेत. बघणाऱ्याला मात्र दोन्ही सारखंच दिसतं, आणि हेच माझ्या डोक्यातून जात नाही.

साडेबाराला आई आली तेव्हा मी तिला घडलेलं सांगितलं. ती म्हणाली, “अहो ताई, घरी रोज म्हणते ती हे गाणं. मी स्वयंपाकघरात असले की बाहेरच्या खोलीतून म्हणते, आणि मी गेले की टाळ्या वाजवते. मला वाटलं खेळ आहे.”

म्हणजे मुलीचा हिशेब चोख होता. शाळेत गाणं झालं की आई येते. घरी गाणं झालं की आई येते. तिच्या अनुभवात ते एकदाही चुकलं नव्हतं. दिवसभर आपल्या हातात नसलेली एकच गोष्ट तिला हवी होती, आणि ती आणण्याचा उपाय आम्ही मोठ्यांनीच तिला शिकवला होता. ती वाट बघत होती, आणि वाट बघण्याच्या तिच्या पद्धतीत काहीही चुकीचं नव्हतं.

शेजारच्या वर्गाच्या ताईंचं म्हणणं, गाणं सुरू करायचा हक्क फक्त शिक्षकाचा ठेवा. मुलाने केलं तर लगेच थांबवा, नाहीतर गाण्याचा धाक राहणार नाही. मला धाक नकोच आहे. ज्या मुलीला वर्गात बोलायचं नाही, तिला मी गुणगुणूही नको म्हणू?

मी एवढंच केलं की दिवसाच्या क्रमाचं एक गाणं रचलं. प्रत्येक कामाची एक ओळ. काम झालं की त्याची ओळ जोडायची आणि पहिल्यापासून म्हणायचं: आधी माती, मग हात, मग डबा, मग गोष्ट, आणि आईची ओळ सगळ्यांत शेवटी. जे काम व्हायचंय त्याची ओळ म्हणायची नाही, तिच्या जागी एक टाळी वाजवायची. आईच्या ओळीलाही गोष्ट संपेपर्यंत टाळीच. किती टाळ्या उरल्या, त्यावरून किती वेळ उरला ते कळतं. त्या मुलीने पहिल्याच दिवशी टाळ्या मोजल्या, तीन बोटं वर केली आणि डबा उघडला.

घरी जायची चाल ती अजून मधूनच धरते. मुलं आता दप्तरांकडे पळत नाहीत. आधी माझ्याकडे बघतात. ताई खरंच म्हणतेय का, एवढं तपासतात आणि पुन्हा खेळाला लागतात. शेजारच्या ताईंना वाटतं, सगळं ठीक झालं. मला तसं वाटत नाही. पूर्वी ती मुलं गाण्यावर विश्वास ठेवत होती, आता माझ्या चेहऱ्यावर ठेवतात. आमचा वाद मिटलेला नाही. ‘कोण आलंय’ ही ओळ ठेवायची की काढायची, यावर सोमवारच्या बैठकीत बोलायचं ठरलंय. मी ती ठेवा म्हणणार आहे, आणि त्या मुलीच्या आईलाही बोलावलंय.