कूलरपाशी दहा मिनिटं

मे महिन्यात नागपुरात सकाळी साडेसहालाच ऊन अंगावर येतं. आमच्याकडे कूलर भरायचं काम माझं. नळाला पाइप लावायचा, दुसरं टोक टाकीत सोडायचं आणि भरेपर्यंत मोबाइलवर ऑफिसचे मेसेज बघायचे. दोन वर्षांपूर्वी असेच बघत बसले आणि टाकी ओसंडून पाणी थेट खालच्या काकूंच्या खाटेवर. "अवो बाई, माह्या कुरड्या भिजून रायल्या ना!" अख्ख्या गल्लीला ऐकू गेलं.

त्याच आठवड्यात बीपी निघालं 156/94. डॉक्टरांनी घरी मोजायला सांगितलं, त्याची रीतही समजावली. आधी पाच मिनिटं गप्प बसायचं. पाठ टेकलेली, दोन्ही पाय जमिनीवर, हात छातीच्या पातळीला, बोलायचं नाही. मी मात्र दंडाला पट्टा बांधूनच मुलाला डब्याचं सांगत होते. आकडा वाढणारच! पण खरी पंचाईत पुढे होती. त्या पाच मिनिटांपैकी दुसऱ्याच मिनिटाला मला कुकर आठवला, तिसऱ्याला व्हाउचर. चोवीस वर्षं अकाउंट्समध्ये खुर्चीवर बसून काढली, आणि नुसतं बसणं जमेना.

मुलीने माइंडफुलनेसचं, म्हणजे आत्ताच्या क्षणावर लक्ष ठेवायला शिकवणारं, ॲप टाकून दिलं. त्यातली बाई इंग्रजीत इतक्या हळू आवाजात बोलायची की मला झोप यायची. दीक्षाभूमीजवळ राहणारी माझी मैत्रीण हसली. ती कित्येक वर्षं आनापान, म्हणजे श्वासावर लक्ष ठेवायचं बौद्ध ध्यान, करते. म्हणाली, श्वास नाकाशी येतो-जातो तो फक्त बघ. मन पळालं तर परत आण, त्याच्यावर चिडू नको. 1979 मध्ये अमेरिकेत जॉन कबात-झिन यांनी जुनाट दुखणी असलेल्या रुग्णांसाठी असाच अभ्यास सुरू केला, त्याचंही मूळ बौद्ध ध्यानातच. आपल्याकडचंच परत येताना इंग्रजी होऊन आलं, एवढंच.

चटईवर बसून मला ते कधीच जमलं नाही. कूलरपाशी जमलं. मोबाइल आत ठेवायचा आणि पाण्याचा आवाज ऐकायचा. आधी रिकाम्या पत्र्यावर ताडताड वाजतं. मग आवाज भरीव होतो. पाइपचं तोंड पाण्याखाली गेलं की एकदम मऊ, जवळजवळ नाहीसाच. वाळा भिजला की त्याचा वास येतो, तो रोज पहिल्यांदा आल्यासारखा. मधेच जीएसटी रिटर्नची वीस तारीख डोक्यात येते. येऊ दे. परत पाणी. मनगटावर बोट ठेवून श्वास सावकाश सोडला की नाडी थोडी मंदावते, हे मला पन्नाशीच्या तोंडावर कळलं.

सासूबाईंना पहिले आठ दिवस वाटलं, मोटर जळली. "काय पाहून रायली वो त्याच्यात?"

गोळी चालू आहे. श्वासाने गोळी सुटते म्हणणाऱ्यांपासून मी लांब राहते. मीठ कमी केलं, डब्यातलं लोणचं बंद केलं. डब्ल्यूएचओ दिवसाला 5 ग्रॅमच्या आत मीठ खा म्हणते, म्हणजे एक लहान चमचा. सावजी रश्शाच्या गावात हे सांगायलाही धाडस लागतं. दुपारी स्क्रीन बंद करून जेवते. त्यावरून ऑफिसात एकदोघांनी तोंड वाकडं केलं, मग सवय झाली त्यांना. ब्युटी पार्लरवाले 'सेल्फ-केअर पॅकेज' म्हणून जे विकतात, ते मी अजून घेतलेलं नाही. दुपारची पोळी गरम असताना खाणं मला त्याहून महाग पडत होतं.

रविवारी टाकी पूर्ण रिकामी करून घासते, डेंग्यूचे डास स्वच्छ साठल्या पाण्यातही होतात म्हणून. त्या दिवशी दहाची वीस मिनिटं होतात.

काल पाइपचं तोंड बुडालं नेमकं तेव्हाच आत फोन वाजायला लागला. आधी नळ बंद केला. खाली वाकून पाहिलं, काकूंच्या कुरड्या खाटेवर कोरड्या ठाक. फोन तोवर थांबला होता. ऑफिसचाच होता.