तिसरी अट

आमच्या कॉलेजात संख्याशास्त्राचं प्रॅक्टिकल मी घेते. काउंटइफ्स, म्हणजे एक्सेलमध्ये दिलेल्या सगळ्या अटींत बसणाऱ्या ओळी मोजणारा फॉर्म्युला, शिकवताना बनावट डेटा द्यायला मला आवडत नाही. मुलं नुसतं उत्तर जुळवत बसतात. म्हणून या वेळी बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले १९७३ चे पदव्युत्तर प्रवेश दिले. सहा मोठे विभाग, ४,५२६ अर्ज, एका अर्जाला एक ओळ: विभाग, लिंग, निकाल. विभागांना नावं नाहीत, नुसती ए ते एफ अक्षरं.

आधी दोनच अटी, लिंग आणि निकाल. पुरुष २,६९१ पैकी १,१९८, म्हणजे ४४.५ टक्के. स्त्रिया १,८३५ पैकी ५५७, म्हणजे ३०.४. "मॅडम, हा तर उघड अन्याय आहे!" मागून आवाज आला. मुली चिडल्या, आणि मला बरं वाटलं. अशा आकड्याचा राग यायलाच हवा.

तेवढ्यात एकीने आपणहून विभागाची तिसरी अट घातली. ए विभागात पुरुष ८२५ पैकी ५१२, स्त्रिया १०८ पैकी ८९. बासष्ट टक्के आणि ब्याऐंशी टक्के! तिला वाटलं, फॉर्म्युलाच चुकला. रेंज पाहिली, डॉलरची चिन्हं पाहिली, 'स्त्री'नंतर कुठे स्पेस राहिली का तेही पाहिलं. (तेवढ्या स्पेसपायी काउंटइफ्स ती ओळ गाळतं आणि एररही दाखवत नाही.) सगळं बरोबर होतं. बी, डी आणि एफमध्येही स्त्रियाच थोड्या पुढे. सी आणि ईमध्ये पुरुष, तेही तीन-चार टक्क्यांनी.

उलगडा झाला तो निकालाची अट काढल्यावर. ए आणि बी मिळून पुरुषांचे अर्ज १,३८५, म्हणजे निम्म्याहून जास्त. स्त्रियांचे फक्त १३३. आणि याच दोन विभागांत तिघांतल्या जवळपास दोघांना प्रवेश मिळत होता. एफमध्ये पुरुष असो वा स्त्री, शंभरात सहा-सात. स्त्रियांचे बहुतेक अर्ज प्रवेश अवघड असलेल्या विभागांत होते, म्हणून एकूण टक्क्यांत त्या मागे दिसल्या.

बिकेल, हॅमेल आणि ओ'कॉनेल या संशोधकांनी १९७५ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात या विद्यापीठाच्या प्रवेशांचं विश्लेषण छापलं. प्रवेश देणाऱ्यांनी स्त्रियांना सरसकट डावललेलं त्यांना दिसलं नाही. पण जिथे गर्दी जास्त आणि पैसा कमी अशा विषयांकडे मुली आधीच वळवल्या जातात, संगोपनातून आणि शिक्षणातून, हेही त्यांनी लिहिलं. हा भाग मी वर्गात आवर्जून सांगते. विभागवार टक्के जुळले म्हणून प्रश्न मिटला, असं मला वाटत नाही.

तीच मुलगी म्हणाली, "मॅडम, माझ्या ताईला घरच्यांनी अकरावीला सायन्स घेऊच दिलं नाही. तिच्यासारख्यांची अशा शीटमध्ये ओळच नसणार. त्यांना कसं मोजायचं?"

या शीटवर कितीही अटी लावल्या तरी ते जमणार नाही, त्याला वेगळा डेटा लागेल, असं मी तिला सांगितलं. आमच्याच ज्युनिअर कॉलेजचे शाखावार प्रवेश मी ऑफिसकडे मागितले आहेत, नावं काढून. दहावीच्या गणिताच्या गुणांचा कॉलमही मागितलाय. कोणत्या अटी लावायच्या, ते पुढच्या प्रॅक्टिकलला ती ठरवणार आहे.