पुसू नकोस, राहू दे

पितृपंधरवड्यात आमचा धंदा म्हणजे शून्य. ना लग्न ना साखरपुडा ना बारसं, कॅमेरे कपाटात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत पडून असतात. त्यामुळं मागच्या वर्षी वाईतल्या कॉलेजच्या पोरांचा फोन आला, काका डान्स फिल्म करायचीय, बजेट तीन हजार, तेव्हा लगेच हो म्हणलो. काका म्हणल्याचा राग आला ते वेगळं, वय एकेचाळीस फक्त.

मला वाटलं रील असेल. एक गाणं, चार स्टेप्स, मेणवलीच्या घाटावर दोन तासात मोकळं. मेणवली आपल्याला पाठ आहे, चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेनंतर, म्हणजे १७३९ नंतर आलेली ती पोर्तुगीज घंटा आहे ना, तिथं किती जोड्या उभ्या केल्या असतील मी (घंटेकडं कुणी बघत नाही, सगळ्यांना मागं नदी पाहिजे असते). पण कृष्णेला पाणी होतं, खालच्या पायऱ्या दिसत नव्हत्या, म्हणून एका पोराच्या आजीच्या वाड्यात माजघरात शूट ठरलं. तीन मुली, दोन मुलं, सगळे काळ्या टीशर्टात.

म्हणलं गाणं द्या, स्पीकरला लावू. तर त्यातली बॉबकटवाली म्हणाली, काका गाणं नाहीये, तुमचा आवाज आहे.

झालं असं की हिच्या ताईचं लग्न मीच शूट केलेलं, चार वर्षं झाली. पार्टीनं रॉ फुटेज हार्डडिस्कवर मागून घेतलं होतं. मागतात सगळेच, उघडून कुणी बघत नाही. हिनं बघितलं, साडेसहा तास! फायनल व्हिडिओत आम्ही कॅमेऱ्याचा आवाज काढून टाकतो आणि वर गाणं चढवतो, रॉमध्ये मात्र सगळं असतं, भटजी, जनरेटर, आणि मी. तिनं माझी वाक्यं कापून एक साडेतीन मिनिटाचा ट्रॅक केलेला. "मान खाली. अजून थोडी. आता हळूच वर बघ. हस, दात नको. नवरदेव, छाती पुढं, हात खिशात, तिच्याकडं नको, लांब बघा." मागं कुणीतरी पाटावर ठेका धरलेला, बाकी काही नाही.

आणि नाच म्हणजे तेवढंच. मी सांगतोय, ते करतायत. फक्त उलटं, नवरीच्या सूचना मुलांना, नवरदेवाच्या मुलींना. एक पोरगा चांगला सहा फुटी, जिमवाला, तो मान खाली घालून हळूच वर बघायचा. पहिल्या टेकला मी हसलो, चौथ्या टेकला हसू येईना कारण मान खाली घालून पाठ ताठ ठेवायची म्हणजे मानेच्या शिरा कशा ताणतात ते क्लोजपमध्ये दिसायला लागलं.

मधे माझी एक चूक झाली. कॅमेरा प्रीवेडिंगच्या सेटिंगवर तसाच राहिलेला, सेकंदाला ६० फ्रेम, शटर १२५, म्हणजे सेकंदाचा एकशेपंचविसावा भाग. घाटावर उन्हात चालतं ते, पण माजघरात जुन्या ट्यूबलाईटी, आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे ट्यूब सेकंदाला शंभरदा लुकलुकते, शटर त्याला जुळेना, फ्रेमभर पट्टे पळायला लागले. अर्धा तास वाया. ५० फ्रेम आणि शटर १०० केल्यावर गेले.

त्यांना सगळं स्लोमोशन पाहिजे होतं पण आवाज नॉर्मल. त्याला एक जुनी युक्ती आहे, ५० फ्रेमला शूट करायचं आणि सेटवर ट्रॅक डबल स्पीडनं वाजवायचा, नाचणाऱ्यांनी त्या स्पीडनं नाचायचं, मग २५ फ्रेमवर टाकलं की हालचाल निम्म्या वेगाची आणि मूळ ट्रॅक बरोब्बर जुळतो. म्हणजे माझा आवाज डबल स्पीडनं. कार्टूनमधला उंदीर बोलल्यासारखा, मानखालीअजूनथोडीहस. पोरं हसून लोळली, आजी पदर तोंडाला लावून बाहेर गेली.

शेवटचा तुकडा त्यांनी मला आधी ऐकवला नव्हता. लावला तेव्हा तोही उंदरासारखाच, मला काही कळलं नाही. त्या बॉबकटवालीनं जिमवाल्याला मिठी मारली, सोडली, परत मारली, परत सोडली, परत मारली, भराभर. मी फोकस धरून होतो, बास.

घरी रात्री टाइमलाइनवर टाकलं, मूळ ट्रॅक खाली लावला. हळूहळू मिठी, हळूहळू सुटतीय, आणि माझा आवाज, एकदम शांत, समजुतीचा. "थांब, पुसू नकोस, राहू दे, छान दिसतंय. एकदा परत मार आईला मिठी. मावशी, तुम्ही जरा इकडं तोंड करा. अजून एकदा."

पाठवणीचं होतं ते. मला आठवतसुद्धा नाही मी असं म्हणलेलं. म्हणत असणार, दर लग्नात म्हणत असणार, पाठवणीला लाईट गेलेला असतो, मामा लोक मधे येतात, एका टेकमध्ये मिळत नाही. बायको मागं उभी राहून बघत होती. म्हणली, आपल्या लग्नात पण असाच कुणीतरी ओरडत होता. मी म्हणलं ओरडत कुठंय, नीट सांगतोय की. ती काही बोलली नाही, झोपायला गेली.

पोरांकडनं तीन हजार घेतले, ते काय सोडणार नव्हतो. एडिट त्यांनीच केलं, नावांमध्ये माझं नाव "आवाज" म्हणून टाकलं, कॅमेऱ्याला दुसऱ्या ओळीत.

तुळशीचं लग्न झालं, सीझन लागला. पहिलंच लग्न साताऱ्यात. पाठवणीला मुलगी आईच्या गळ्यात पडली आणि मी गप्प राहिलो, म्हणलं बघू. आठ-दहा सेकंद असेल. नेमका मामा मधे आला, सफारीतली रुंद पाठ, फ्रेम भरून. तो बाजूला झाला तेव्हा मुलगी गाडीत बसलेली.

महिन्यानं मुलीच्या आईचा फोन. अहो व्हिडिओ छान झालाय, पण आमची मिठी कुठंय?

म्हणलं, मामा आडवे आले काकू.

तर म्हणतात, मग सांगायचं ना, परत मारली असती.